मोडुशासाठी नागपुरात मिळणारा ‘समुद्री संच’: काय ठेवावं, काय बदलावं

नागपुरात गळाचं सामान विकणाऱ्या दुकानांत एक तयार खोका मिळतो. त्यात सात फुटी, दोन तुकड्यांचा रॉड, सहा हजार आकाराचं स्पिनिंग रील, रीलवर आधीच गुंडाळलेलं तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) आणि एक कप्प्यांचा डबा असतो. डब्यात गळ, शिसं, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), पोलादी तारेचे लीडर (गळाआधीचा मजबूत तुकडा) आणि तीन चमकते धातूचे जिग (वजनदार नकली आमिषं) भरलेले असतात. दुकानदार याला ‘समुद्री संच’ म्हणतात. किंमत साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. हाच माल तीन-चार वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकला जातो, त्यामुळे शिक्का बाजूला ठेवून एकेका भागाबद्दलच लिहितो आहोत. एरवी रोहू, कतला, मरळ गरवणारे आणि सुट्टीत कोकणात जाणारे नागपूरकर हा खोका घेतात. त्यांना पैसे देण्याआधी नेमकी माहिती मिळावी, एवढाच उद्देश.

निकाल आधीच सांगतो. रॉड चांगला आहे. रीलवर अर्धा तास काम केलं तर तेही चांगलं आहे. बाकीचं जवळजवळ सगळं बदलावं लागतं.

पारखायला आम्ही एकच मासा धरला: मोडुसा, ज्याला मुंबईकडे सकला म्हणतात आणि इंग्रजी नावाने कोबिया. खाडीच्या तोंडाशी आणि उथळ उपसागरात बांगड्याएवढे मासे कुठल्याही सामानावर निघतात. मोडुसा मात्र रॉड, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ठरावीक जोराला दोरा सुटू देणारा रीलमधला ब्रेक), दोरा, गळ आणि गाठ यांतला एकही कच्चा दुवा सोडत नाही. जगात गळावर पकडलेला, नोंद असलेला सर्वांत मोठा मोडुसा ६१.५ किलोंचा आहे, १९८५ सालचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधला. आपण तयारी ठेवायची ती पाच ते पंधरा किलोंच्या माशाची, आणि खोक्यातलं मूळ सामान तेवढ्यालाही पुरत नाही.

रॉडपासून सुरुवात करू. १५ ते ३० पौंडांच्या दोऱ्यासाठी असं त्यावर छापलंय आणि ते खरं आहे. ४० ग्रॅमचा जिग तो सहज लांब फेकतो, ६० ग्रॅमला थोडा जड पडतो. मोडुसा बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसल्यावरच त्याच्यावर फेक करायची असते. म्हणून ताकदीइतकीच अचूक फेक महत्त्वाची, आणि सात फूट लांबी त्याला बरोबर बसते. मुठीमागचा दांडा ३४ सेंटीमीटर आहे, काखेत धरून जोर लावता येतो.

दुकानातच दोन गोष्टी तपासा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक गाईडच्या कड्यातून गोल फिरवा. कापूस कुठे अडकला, तंतू ओढला गेला, तर आतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रेडेड (बारीक धाग्यांचा विणलेला) दोरा तिथेच कापला जातो. दुसरी गोष्ट सांध्याची. दोन्ही तुकडे जोडून रॉड हलवा. टकटक जाणवली तर तो नग परत द्या. सांधा ठीक असला तरी वर्षातून एकदा त्यावर साध्या मेणबत्तीचं मेण हलकं घासावं, नाहीतर खाऱ्या हवेत तो अडकून बसतो.

हा रॉड मोडतो तो एकाच चुकीने. मासा होडीखाली सरळ खाली दाबत असताना माणूस रॉड डोक्यावर उभा करतो, सगळा भार टोकाच्या बारीक दीड फुटावर येतो आणि टोक तुटतं. रॉड आडव्यापासून साठ अंशांपेक्षा वर नेऊ नये. मासा खाली गेला की रॉड थोडा झुकवा आणि कमरेच्या जोराने उचला.

खरा वेळ रीलसाठी काढायचा. खोक्यावर ड्रॅग १२ किलो लिहिलंय. प्रवासी सामान तोलायचा हातातला वजनकाटा लावून मोजलं, तर पूर्ण आवळल्यावर दोरा सात किलोंच्या जवळपास सुटला. ही तूट मोठी दिसली तरी अडचण तिची नाही, कारण मोडुशाला सात किलोंचा ड्रॅग लागतच नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथा भाग ड्रॅग ठेवावा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोंच्या दोऱ्याला साडेतीन किलो पुरतात. अडचण वेगळी आहे. साडेतीन किलोंवर लावलेला ड्रॅग सुरुवातीला पाच किलोंना सुटतो, मग एकदम तीनवर येतो, पुन्हा अडतो. मासा होडीजवळ आल्यावर अचानक पळतो, तेव्हा याच झटक्याने गाठ तुटते किंवा गळ सुटतो.

कारण साधं आहे: ड्रॅगच्या चकत्या कोरड्या आहेत. वरची ड्रॅगची मूठ पूर्ण सोडवून काढा. आत तारेचं एक वळं दिसेल, ते सुईने किंवा बारीक पेचकसाने उचला. अंगठा वर धरून ठेवा, नाहीतर वळं उडतं. खाली धातूच्या आणि फेल्टच्या चकत्या एकाआड एक लागलेल्या असतात. बाहेर काढताना त्यांचा क्रम मोबाईलवर टिपून घ्या. एका धातूच्या चकतीला बाहेर आलेले कान असतात, ते स्पूलच्या (दोरा गुंडाळायच्या चाकाच्या) खाचेतच बसले पाहिजेत. फेल्टच्या चकत्यांना ड्रॅगसाठीचंच ग्रीस बोटाने पातळ चोळा, जास्तीचं पुसून टाका आणि सगळं उलट क्रमाने बसवा. गाडीचं साधं ग्रीस चालत नाही, ते उष्णतेने पातळ होतं आणि ड्रॅग घसरतो. एवढं केल्यावर याच रीलवर सुटण्याचा जोर आणि नंतरचा जोर यांतला फरक पाव-अर्ध्या किलोवर आला. या अर्ध्या तासाने जेवढा फरक पडतो, तेवढा चार हजार जास्त देऊन घेतलेल्या रीलनेही दर वेळी पडत नाही.

ग्रीस आणखी कुठेही भरू नका. मूठ उलटी फिरू न देणारा जो रोलर-क्लच असतो, त्यात ग्रीस गेलं की तो निसटायला लागतो आणि ऐन ताणात मूठ उलटी फिरून बोटांवर बसते. तिथे हलक्या तेलाचा एक थेंब पुरे. सर्वांत आधी गंजतो तो बेलच्या (दोरा स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकावरचा दोऱ्याचा रोलर. तो फिरायचा थांबला की दोरा त्यावर घासतो, तापतो आणि झिजतो. समुद्रावरच्या प्रत्येक दिवसानंतर त्याला तेलाचा एक थेंब द्यावाच.

आता दोरा. रीलवर आलेलं ०.४५ मिलिमीटरचं तंगूस काढून टाका, दुसरा काही विचार करू नका. खोक्यावर १८ किलो ताकद लिहिलेली, गाठीसकट ते साडेनऊ किलोंच्या आसपास तुटलं. यात नागपूरच्या उन्हाचाही हात असतो. नायलॉनचं तंगूस ऊन आणि उष्णतेने कमजोर होतं, आणि जो खोका पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेमागे एप्रिल-मे काढतो, त्यातलं तंगूस दिसायला नवं आणि आतून जुनं असतं. हातभर ओढून बोटांवर ताणा. खरखरीत लागलं, पांढुरकं दिसलं किंवा स्प्रिंगसारखी वेटोळी सुटली नाहीत, तर ते वाया गेलेलं आहे. रबरी आमिषांचंही तसंच. त्यांची पाकिटं उन्हात राहिली तर ती एकमेकांत वितळून चिकटतात, कडक प्लास्टिकच्या डब्यालाही चाटून जातात.

तंगुसाच्या जागी ३० ते ४० पौंडांचा ब्रेडेड दोरा घ्या, २५० ते ३०० मीटर. स्पूलवर थेट ब्रेड गुंडाळला तर ताण येताच अख्खं वेटोळं स्पूलवर घसरतं आणि ड्रॅग कितीही आवळला तरी दोरा जात राहतो. आधी आठ-दहा मीटर साधं तंगूस गुंडाळा, त्याला ब्रेड जोडा, आणि ओल्या फडक्यातून घट्ट धरून भरा. सैल भरलेला ब्रेड पहिल्याच जोरदार ओढीत स्वतःच्याच थरांत रुततो. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा.

पुढे दीड मीटर लीडर, ५० ते ६० पौंडांचं जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन. मोडुशाचे दात बारीक, काचकागदासारखे असतात, ते कापत नाहीत, घासतात. डब्यात जे पोलादी तारेचे लीडर दिलेत ते सुरमईसाठी ठीक, मोडुशासाठी नकोत. तार पाण्यात चमकते, आमिषाची हालचाल मारते, आणि दिसणारा मासा जवळ येऊन वळून जातो. मोडुशाच्या बाबतीत लीडर जाड लागतो तो वेगळ्याच कारणाने. गळ लागल्यावर हा मासा ज्या बोयाखाली किंवा खांबापाशी उभा होता तिथेच परत घुसतो, आणि बोयाच्या साखळीवर, खांबावर कालवांची धारदार टरफलं चिकटलेली असतात.

ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिकायला सोपी आहे: लीडरच्या बाजूला पाच वेढे, ब्रेडच्या बाजूला आठ. आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने भाजते आणि निम्म्या ताकदीवर तुटते. गाठ वजनकाट्याला बांधून सहा किलोंपर्यंत ओढून पाहा. टिकली तरच गाठ जमली.

डबा उघडल्यावर निराशा होते. गळ निकेलचा मुलामा दिलेले, बारीक तारेचे, रोहू-मरळीच्या मापाचे. एक गळ पकडीत धरून वजनकाट्याने ओढला तर चार किलोंच्या आतच वाकून उघडला. म्हणजे साडेतीन किलोंच्या ड्रॅगवर लावलेल्या रीलला हा गळ जेमतेम पुरतो, आणि मासा डोकं झटकतो तेव्हाचा जोर त्याहून कितीतरी जास्त असतो. मोडुशाचं तोंड रुंद आणि जबडा टणक, त्याला जाड तारेचा, ६/० ते ८/० मापाचा सर्कल गळ जिवंत आमिषाला, आणि जिगसाठी ५/० ते ७/० चा सरळ गळ लागतो. सर्कल गळावर झटका मारायचा नसतो. मरळीच्या सवयीने हात आपोआप वर जातो आणि गळ तोंडातून निघून येतो. दोरा चालू लागला की बेल बंद करा, रॉड माशाच्या दिशेने ठेवा आणि फक्त रील फिरवत राहा. गळ स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

तीन धातूच्या जिगांपैकी ३० आणि ४० ग्रॅमचे ठेवण्यासारखे आहेत, पण त्यांचे तीनमुखी गळ काढून एकेरी गळ लावा. होडीत उसळणाऱ्या दहा किलोंच्या माशाच्या तोंडात दोन तीनमुखी गळ म्हणजे कुणाच्यातरी हातात एक गळ घुसणारच. खरं तर मोडुशाला याहून चांगलं काम करतो तो केसाळ शेपटाचा, शिशाच्या डोक्याचा ३० ते ६० ग्रॅमचा जिग, त्याला मागे बोटभर लांब रबरी शेपूट लावलेलं. पांढरा, पोपटी किंवा नारिंगी. तो डब्यात नाही, वेगळा घ्यावा लागतो. पितळी क्लिपवाले स्विव्हल फेकून द्या, क्लिप ताणाने उघडते. शिसं सगळं १० ते २० ग्रॅमचं आहे, तलावातलं. खाडीच्या तोंडावर भांगाच्या (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या) दिवसांत ६० ग्रॅम आणि उधाणात ९० ते १२० ग्रॅमखाली आमिष तळाशी राहतच नाही. मधोमध भोक असलेलं शिसं मूळ दोऱ्यात ओवा, खाली स्विव्हल बांधा, त्याला लीडर. माशाने आमिष उचललं तरी शिशाचा भार त्याला जाणवत नाही.

संचात जे मुळीच नाही पण ज्यावाचून मोडुसा सापडत नाही, ते म्हणजे पोलराईज्ड चष्मा. रॉड दुय्यम, चष्मा आधी, असं आमचं ठाम मत आहे. पाण्यावरची चकाकी कापली गेली तरच खालची तपकिरी सावली दिसते. उथळ, हिरवट पाण्यासाठी काळ्यापेक्षा तांबूस किंवा मधाच्या रंगाची काच घ्या. दुकानात खात्री करायची असेल तर चष्म्यातून मोबाईलचा पडदा पाहा आणि चष्मा हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात पडदा काळपट झाला तर काच खरी पोलराईज्ड. अजिबात बदल झाला नाही तर तो बहुधा साधा रंगीत गॉगल आहे.

शोधायचा कुठे, हे समजलं की संचातल्या प्रत्येक भागाचं कामही समजतं. मोडुसा हा शार्कला चिकटून फिरणाऱ्या रेमोरा माशांचा जवळचा नातेवाईक, आणि त्याची सवयही तशीच: कशाच्यातरी आधाराने, सावलीने फिरायचं. त्यामुळे मोकळ्या पाण्यात फेकत बसण्यात अर्थ नाही. जलमार्गाचे बोये, नांगरून ठेवलेल्या मोठ्या होड्या, जाळी बांधायचे खांब, बुडालेली जहाजं, वाहत आलेला ओंडका, हे एकामागून एक पाहायचं. वाळूच्या उथळ पाण्यात पाकटाच्या (चपट्या, लांब शेपटीच्या माशाच्या) मागे-वर लक्ष ठेवा. पाकट तळ उकरतो, खेकडे बाहेर पळतात आणि वरून तरंगत जाणारा मोडुसा ते टिपतो. खेकडा हे त्याचं आवडतं खाणं. पाण्यात तो मुशीसारखाच, म्हणजे शार्कसारखाच दिसतो, फसायला होतं. फरक असा की मोडुशाचं डोकं रुंद चपटं, खालचा जबडा पुढे आलेला, बाजूचे पर पंखासारखे पसरलेले आणि अंगावर गडद तपकिरी रंगात दोन फिकट चंदेरी पट्टे.

वेळ निवडताना नागपूरकरांनी रजेच्या तारखेआधी तिथी पाहावी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात वाहतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी तुलनेने संथ आणि निवळ. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. हा अंदाज मुंबईच्या जवळपासचा आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याआधी येते, तिथल्या तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारूनच वेळ पक्की करा. अष्टमीचा फायदा असा की सकाळी नऊपासून दुपारपर्यंत, ऊन डोक्यावर असताना, ओहोटी चालू असते. खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं आणि समुद्राच्या निवळ पाण्याशी त्याची एक स्पष्ट रेघ तयार होते. छोटे मासे त्या रेघेवर गोळा होतात. त्या रेघेच्या निवळ बाजूने, सूर्य पाठीशी ठेवून, मंद गतीने होडी न्यायची. जयगड, विजयदुर्ग किंवा देवबागजवळचं कर्लीचं मुख, कुठेही हीच पद्धत.

फेक माशाच्या डोक्यावर पडता कामा नये. दोन-तीन मीटर पुढे आणि पलीकडे टाका, मग आमिष त्याच्या तोंडासमोरून ओढत आणा. तो मागे लागला आणि थबकला तर थांबवू नका, उलट वेग वाढवा. पळणाऱ्या आमिषाला तो सहसा सोडत नाही. दुसरा एक रॉड जिवंत किंवा ताज्या आमिषासह तयार ठेवा. जिगला नाही म्हणालेला मासा जिवंत बांगडा किंवा खेकडा घेतो. मोडुसा होडीला घाबरत नाही, कित्येकदा स्वतःच होडीपाशी येऊन पाहतो, आणि बहुधा एकटा नसतो. पहिला लागलेला मासा थोडा वेळ पाण्यात राहू दिला तर सोबतचे त्याच्या मागे वर येतात.

दिसत नसेल तर नांगर टाकून बसावं. जाळीच्या पिशवीत ठेचलेल्या तारल्या भरून पाण्यात सोडा, वासाची धार ओहोटीबरोबर खाली जाते, आणि त्या धारेत एक आमिष तळाला, एक वर तरंगतं ठेवा.

संचात नसलेली दुसरी वस्तू म्हणजे आकडी: लांब दांड्याचा मोठा टोकदार हूक, ज्याला गॅफ म्हणतात. दांडा दीड ते दोन मीटर, हूकची फट आठ ते दहा सेंटीमीटर. मरळीसाठी वापरतो ती जाळी इथे उपयोगाची नाही. मोडुशाचा खरा धोका होडीतच आहे. गळ लागल्यावर तो कधीकधी ओंडक्यासारखा निमूट ओढला जातो, पाच मिनिटांत होडीपाशी येतो, आणि नवखा माणूस लगेच त्याला वर घेतो. न दमलेला मासा होडीत आला की रॉड, डबे, माणसाचे पाय, काहीही सोडत नाही. पाठीवर पुढच्या भागात सात ते नऊ सुटे टोकदार काटे असतात, ते पायात खोल घुसतात. म्हणून होडीपाशी आलेला मासा पुन्हा पळेपर्यंत वाट पाहा, दोन-तीनदा पळू द्या. मग डोक्यामागे खांद्यात आकडी घालून एकाच ओढीत थेट बर्फाच्या पेटीत, आणि झाकण दाबून धरा. पेटी आधीच उघडी आणि तिच्यात माशापुरती जागा मोकळी असली पाहिजे. बोयाजवळ गळ लागला असेल तर तांडेलाला आधीच सांगून ठेवा: मासा लागताच होडी बोयापासून दूर. त्या क्षणी सांगायला वेळ नसतो.

लहान असेल तर सोडून द्या. मोडुशाला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलातून वर आणला तरी पोट फुगून तो मरत नाही, सोडलेला चांगला जगतो. हा मासा भराभर वाढतो. मत्स्यशेतीत वर्षाला चार ते सहा किलो होतो, आणि म्हणूनच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१० साली तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रात त्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी करून दाखवलं. आज सोडलेला दोन किलोंचा मासा पुढच्या मोसमात वेगळाच असतो.

नियमही माहीत हवेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हाचं आरक्षण कुणी देत असेल तर घेऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही, हद्द तांडेलाकडून समजून घ्या. कासव किंवा देवमुशी म्हणजे व्हेल शार्क यांच्याभोवती मोडुसे फिरतात, पण हे दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या अंगावर गळ अडकेल अशी फेक करू नका, मोडुसा बाजूला होईपर्यंत थांबा. आणि अंगावर लाईफ जॅकेट, खाडीच्या मुखावर लाटा अचानक उभ्या राहतात.

नेण्या-आणण्याच्या बाबतीत हा संच सोयीचा आहे. रॉडचे दोन तुकडे प्रत्येकी ११० सेंटीमीटरच्या आत बसतात. नळाच्या सामानाच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा सव्वा मीटर पीव्हीसी पाईप आणि दोन झाकणं घ्या, मोठ्या गाईडसकट रॉड आत जातो आणि रेल्वेच्या बर्थखाली मावतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तर रत्नागिरी, कुडाळपर्यंत गाडी न बदलता जाता येतं.

मासा नागपूरपर्यंत आणायचा असेल तर काम पकडल्या क्षणापासून सुरू होतं. कल्ले कापून पाच-दहा मिनिटं रक्त वाहू द्या, पोट साफ करा, पोटात बर्फ भरा. एवढ्या लांबच्या प्रवासाला माशाच्या दुप्पट वजनाचा बर्फ धरा. वितळलेलं पाणी साचू देऊ नका, मासा पाण्यात पडला की मऊ होतो. रस्त्याने येत असाल तर पेटी तळाला बूच असलेली घ्या आणि दर थांब्यावर पाणी काढा. आगगाडीत मात्र मासा जाड पिशव्यांत दुहेरी बांधा, गळतीवरून सहप्रवाशांशी वाद नको. मोडुशाचं मांस पांढरं, घट्ट, तेलकट. जाड काप सावजी रश्श्यात उकळले तरी फुटत नाहीत, हे नागपुरात आणण्याचं पुरेसं कारण आहे.

समुद्राहून परतल्यावर ड्रॅग घट्ट आवळा, रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आवळलेला राहिला तर फेल्ट दबून बसतं. नागपूरची कोरडी हवा मार्च-एप्रिलमध्ये रीलला मानवते, पण आत राहिलेलं मीठ जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात ओल धरतं आणि तेव्हा गंज चढतो. म्हणून मृगाच्या आधी रोलर आणि बेलचा सांधा एकदा पुन्हा पुसून तेल घाला.

आता पैशांचं. साडेसहा हजारांच्या खोक्यावर ब्रेडला दोन हजारांच्या आसपास, लीडर आणि गळांना नऊशे-हजार, दोन केसाळ जिगांना पाचशे, ड्रॅगच्या ग्रीसला तीनशे, साध्या पण खऱ्या पोलराईज्ड चष्म्याला पंधराशे. म्हणजे साडेअकरा-बारा हजारांना तुम्ही मोडुशासमोर उभे राहता. आकडी तांडेलाकडे असते, पण निघण्याआधी फोनवर विचारून ठेवा. डब्यातलं सामान आणि रीलवरचं तंगूस तुम्ही टाकूनच देणार, म्हणून दुकानदाराला सांगा की फक्त रॉड आणि रिकामं रील द्या. बहुतेक जण हजार-बाराशे कमी करून देतात, कारण डबा त्यांना वेगळा विकता येतो. कुणी तयार झालं नाही, तर खोका न घेता त्याच मापाचा रॉड आणि रील सुटे घ्या. फक्त रॉडची कापसाच्या काडीची तपासणी आणि रीलचा वजनकाटा, या दोन्ही गोष्टी दुकानातच, बिल होण्याआधी करून घ्या.